दोन खरे आकडे

तापीकाठ विद्यापीठात कुठलाही कार्यक्रम ठरला की पहिला प्रश्न असायचा, "चाहूल काय म्हणते?" पाहुणा कोण, विषय काय, हे सगळं नंतर. आगामी कार्यक्रमांच्या फलकावर आणि प्रत्येकाच्या फोनवर कार्यक्रमाच्या नावापुढे एक आकडा झळकायचा, की इतकी माणसं येतील. आणि तेवढीच यायची. त्या आकड्यावरच सभागृह मिळायचं, खुर्च्या लागायच्या, पोहे भिजायचे.

ही यंत्रणा आणायला भांडली होती ती हेमलता बोरसे, विद्यार्थी विकास विभागाची संचालक. त्याला कारणही तसंच होतं. दूरवरून आलेल्या एका वयोवृद्ध संशोधकासमोर रिकामं सभागृह दिसू नये म्हणून तिने एकदा माळी, शिपाई आणि कॅन्टीनमधली पोरं आणून बसवली होती. म्हातारा दीड तास जीव तोडून बोलला आणि शेवटी 'काही शंका?' म्हणून थांबला. समोरून फक्त घोरण्याचा आवाज आला. ती लाज हेमलताच्या मनातून कधी गेली नाही.

चाहूल बांधली होती संगणकशास्त्र विभागातल्या इम्तियाज तडवीने. यावलकडचा, चाळिशीच्या आतला, कमी बोलणारा प्राध्यापक. त्याची कल्पना समजायला सोपी होती. प्रवेश घेताना विद्यार्थी संमती देत; मग कोण कुणाबरोबर जेवतं, कुठली पुस्तकं नेतं, कुठलं गाणं मित्राला पाठवतं, मागच्या कार्यक्रमातून कधी उठून गेलं, हे सगळं यंत्रात जायचं आणि त्यातून त्या विद्यार्थ्याचं एक प्रतिरूप तयार व्हायचं. विद्यापीठात जितकी पोरं, तितकी प्रतिरूपं; गावातली माणसं ढोबळ हिशोबाने धरलेली. उद्याची संध्याकाळ यंत्र आजच हजार वेळा जगून बघायचं. हजार वेळा ती प्रतिरूपं खोलीतून निघायची, वाटेत भेटायची, 'चल ना' म्हणायची, कंटाळायची, परतायची. त्यातून आकडा निघायचा.

पण हवामानाचा अंदाज ढगांना ऐकू जात नाही. माणसांचा अंदाज माणसांना ऐकू जातो. मोठा आकडा दिसला की पोरं लोटायची, छोटा दिसला की फिरकायची नाहीत. खगोल मंडळाचा आकडा सात आला आणि मंडळ बसलं. तत्त्वज्ञानाची शनिवारची व्याख्यानं बंद पडली. आणि हेमलताच्या मुलीची, शाल्मलीची, अहिराणी संगीतिका लागोपाठ दोन वर्षं एकोणीस माणसांपुढे झाली.

"माय, फलकावर एकोणीस लिहिल्यावर विसावा माणूस येईल कशाला?" शाल्मली म्हणाली होती.

"यंत्र खोटं बोलत नाही, शालू."

"मी कुठे म्हणतेय खोटं बोलतं म्हणून?"

त्या वर्षी शाल्मली घर सोडून विद्यापीठाच्याच वसतिगृहात राहायला गेली. घर आवारातच होतं, चालत जाण्यासारखं. तरीही गेली.

यंदा मात्र नशीब पालटलं होतं. तिच्या संगीतिकेतलं एक गाणं कुणीतरी तालमीत टिपलं आणि ते धुळ्यापासून नंदुरबारपर्यंत फोनाफोनी फिरलं. 'नदीले पानी नही, तरी नाव चालस' ही ओळ रिक्षावाल्यांच्या तोंडी गेली. विद्यापीठाच्या वार्षिक उमाळा महोत्सवाचा समारोप शाल्मलीच्या संगीतिकेने, असं ठरलं. मंत्री येणार होते, मुंबईहून एक नाट्यनिर्मातीण येणार होती. शाल्मली कितीतरी महिन्यांनी स्वतःहून घरी आली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "माय, या वेळी तुझ्या यंत्रालाही यावं लागेल बरं का." दोघी हसल्या. हेमलताने तिला शेवेची भाजी वाढली.

महोत्सवाला आठवडा होता तेव्हा इम्तियाजने हेमलताला प्रयोगशाळेत बोलावलं.

"मॅडम, समारोपाचा आकडा नऊ हजार आला."

"अरे वा!" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "शालूला कळवू?"

"बसा आधी." त्याने पडद्याकडे बोट केलं. "आकड्यासाठी नाही बोलावलं तुम्हाला."

समारोप व्हायचा होता खाणीतल्या रंगमंचावर. जुन्या दगडाच्या खाणीला पायऱ्या काढून तो केलेला. आत माणसं मावायची पुष्कळ, पण जायची वाट एकच, नव्या इमारतीचं बांधकाम आणि कातळ यांच्यामधली. आधी दोन वाटा होत्या. बांधकामाने एक गिळली होती. पडद्यावर बारीक ठिपके त्या वाटेत शिरत होते. शिरता शिरता दाटले. मग मधले काही ठिपके काळे पडले.

"हे काय?"

"हे थांबले."

"थांबले म्हणजे? कशासाठी थांबले?"

इम्तियाजने चष्मा काढून हातात धरला. "चालायचे नाही, मॅडम. श्वास घ्यायचे थांबले. गर्दी एका हद्दीपलीकडे दाटली की ती माणसांसारखी वागत नाही, पाण्यासारखी वागते. मागून एक लाट येते आणि पुढचा उभ्या उभ्या चिरडतो. पडावंही लागत नाही."

"पण हे... दर वेळी होतं?"

"नाही. तीनातल्या एका वेळी."

तिने विचारलं नाही तरी तो पुढे बोलला. मागच्या वर्षीच्या स्वागत समारंभाच्या वेळीही यंत्राने जिन्यावर असंच काही दाखवलं होतं, पन्नासातून एकदा. इतकं कमी म्हणून तो गप्प बसला. त्या जिन्यावर एका मुलीच्या बरगड्या मोडल्या. "या वेळी गप्प नाही बसणार," तो म्हणाला.

दोघं तशीच कुलगुरूंकडे गेली. डॉ. चित्ते यांनी सगळं शांतपणे पाहून घेतलं. ते वाईट गृहस्थ नव्हते.

"म्हणजे तीनातल्या दोन वेळा काहीच होत नाही."

"सर, तिसऱ्या वेळी पोरं मरतात," हेमलता म्हणाली.

"कळलं मला. कठडे लावा. स्वयंसेवक वाढवा. पोलीस मागवू. पण मंत्र्यांना मी काय सांगू? आमच्या संगणकाला स्वप्न पडलंय, येऊ नका?"

"जागा बदला मग."

"मंडप, दिवे, सगळं तिथे लागलंय. आणि बाई, तुमच्या मुलीचा कार्यक्रम आहे. तुम्ही घाबरणं साहजिक आहे."

कठडे घालून इम्तियाजने संध्याकाळ पुन्हा चालवली. गर्दी कठड्यांपाशी तुंबली, काळे ठिपके वाढले. प्रवेशिका काढून पाहिल्या, तर प्रवेशिका नसलेले फाटकावर चढले. धोक्याची सूचना फोनवर पाठवून पाहिली. अर्धी पोरं बिचकली, पण गावातली माणसं तमाशा बघायला जास्त आली. कार्यक्रम रद्द केला तर पोरं चिडून त्याच वाटेने निषेध करायला घुसली. हेमलता रोज कचेरीतलं काम उरकून त्या प्रयोगशाळेत जायची आणि नवा उपाय सुचवायची. इम्तियाज तो घालायचा. ठिपके निघायचे, दाटायचे, काळे व्हायचे. एकदा ती त्याच्यावर ओरडली, "अरे, एक तरी वाट असेल ना!" त्यालाही घरी झोप लागत नव्हती, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आकडा जाहीर करायचा दिवस उजाडला, तेव्हा तो म्हणाला, "एक गोष्ट आहे. सांगू की नको असं झालंय."

"सांग."

"जळगावच्या रस्त्याला भरीत-भाकरीची दोन हॉटेलं समोरासमोर आहेत, बघितलीत? दोन्हीकडचं भरीत सारखंच. पण एक ओसंडतं आणि एक ओस. का? तर गर्दी बघून गर्दी शिरते. उद्या पहिली दहा माणसं चुकून समोरच्यात बसली, तर ओसंडणारं ओस पडेल. म्हणजे त्या रस्त्याची दोन चित्रं शक्य आहेत आणि दोन्ही टिकाऊ आहेत."

"बरं?"

"चाहूल आकडा काढते तेव्हा ती एवढंच बघते, की हा आकडा जाहीर केल्यावर तो खरा ठरेल का? नऊ हजार जाहीर केले की नऊ हजार येतात. म्हणून नऊ हजार बरोबर. पण मी लहान आकड्यांपासून वर शोधायला लागलो तेव्हा आणखी एक आकडा सापडला. चारशे. चारशे जाहीर केले, तर..."

"चारशेच येतात," हेमलता सावकाश म्हणाली.

"गावातली माणसंसुद्धा. विद्यापीठातली पोरंच जात नाहीत म्हटल्यावर तीही येत नाहीत. दोन्ही आकडे खरे आहेत, मॅडम. यंत्र सवयीने मोठा उचलतं. चारशेमध्ये एकदाही ठिपका काळा होत नाही. हजारात एकदाही नाही."

चारशे. आयुष्यात पहिल्यांदा नऊ हजार माणसं तिच्या पोरीकडे तोंड करून बसणार होती. एका बोटाने ती सगळी माणसं पुसायची होती.

"शालूला विचारावं का?" ती म्हणाली. "तिनेच माघार घेतली, काही कारण सांगितलं, तर पोरं तिच्यावर चिडणार नाहीत."

"तिने माघार घेतली तर लोक सांत्वनाला जमतात, पण कमी. चालू शकेल. पण ती घेईल का?"

मग हेमलताच्या तोंडून जे निघालं ते इतकं सहज निघालं, की कसं निघालं हे तिलाच नंतर कळेना. "तिचं प्रतिरूप आहे ना? चालवून बघ."

इम्तियाजने तिच्याकडे पाहिलं, आणि मग चालवलं. शाल्मलीच्या प्रतिरूपाला सगळं सांगितलं गेलं. हजार वेळा. जवळजवळ दर वेळी ते म्हणालं, मी गाणारच. आणि पुष्कळ वेळा ते चिडून बाहेर जाऊन सगळ्यांना सांगायचं आणि गर्दी आणखी वाढायची.

"चारशे जाहीर कर," हेमलता म्हणाली. "संचालक म्हणून माझ्या नावाने कर. तुझं नाव कुठे यायला नको."

दुपारी आकडा फलकावर लागला. संध्याकाळच्या आत शाल्मलीचा फोन आला.

"माय, आकडा चुकलाय ना? रिक्षावाले गातायत माझं गाणं."

"यंत्र आहे गं ते."

"तू एकदा बघायला सांग ना त्यांना. एकदाच."

"बघते."

त्यानंतरचे दिवस हेमलताला कसे काढावे ते कळेना. शाल्मली आणि तिची पोरंपोरी हाताने लिहिलेली पत्रकं घेऊन कॅन्टीनच्या दारात उभी राहू लागली. कचेरीच्या खिडकीतून ती दिसायची. पत्रक घेणारा आधी फोन काढून आकडा बघायचा, मग पत्रक घडी करून खिशात घालायचा. एका मुलाला शाल्मली हात धरून काही सांगत होती, चेहऱ्यावर हसू ठेवून. तो मान हलवत होता. 'हो' अशी, पण येणार नाही अशी. हेमलताने खिडकीचा पडदा ओढून घेतला. निर्मातीणबाईंनी कळवलं, दुसरं काम निघालं. मंत्र्यांनी उद्घाटनालाच येऊन जायचं ठरवलं. कुलगुरूंनी तिला बोलावून विचारलं, "नऊ हजारांचे चारशे कसे झाले हो?" ती म्हणाली, "अंदाज आहे, सर, बदलतो." त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं, आणि सोडून दिलं. त्यांच्याही डोक्यावरचं ओझं उतरलं असावं.

समारोपाच्या दिवशी सूर्य मावळताना हेमलता कातळाजवळच्या त्या वाटेत जाऊन उभी राहिली. दोन-दोन, तीन-तीन माणसं येत होती. गप्पा मारत, मोकळी चालत. एक बाई पोराला कडेवर घेऊन आली, वाटेत थांबून तिने त्याची टोपी नीट केली, आणि गेली. हेमलताने कातळाला हात टेकला. तिच्या डोळ्यांसमोर ठिपके होते. याच ठिकाणी, याच वेळी. तिला रडूही येईना.

आत शाल्मली गायली. नऊ हजारांसाठी बांधलेल्या त्या खाणीत चारशे माणसं म्हणजे ताटाच्या कडेला चिकटलेली शितं. आवाज समोरच्या रिकाम्या पायऱ्यांवर आपटून परत यायचा, आणि स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू आल्याने ढोलकीवाला चुकायचा. तरी तिने एकही कडवं गाळलं नाही. गाजलेल्या गाण्याला तिने लोकांना साथ द्यायला हात पुढे केला. लोकांनी दिली. पण इतक्या मोठ्या जागेत ती साथ लाजल्यासारखी वाटली आणि दुसऱ्या ओळीला विरली.

पडदा पडल्यावर हेमलता रंगमंचामागे गेली. शाल्मली घुंगरू सोडत पायरीवर बसली होती. मुलं सामान आवरत होती, कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

"माय," ती वर न बघता म्हणाली, "कुठे कमी पडलं? तू स्पष्ट सांग. नुसतं छान झालं म्हणू नकोस."

हेमलताने ठरवलं होतं की सांगायचं नाही. पण तो प्रश्न तिला सोसवला नाही. तिथेच, मोडक्या नेपथ्याच्या फळीवर बसून, तिने सगळं सांगितलं. वाट, ठिपके, कठडे, भरिताची दोन हॉटेलं, दोन आकडे. शाल्मली ऐकत राहिली. घुंगराची वादी तिच्या बोटाभोवती घट्ट गुंडाळली गेली होती.

"तीनातल्या एका वेळी," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे दोन वेळा मी नऊ हजारांसमोर गायले असते, आणि सगळे घरी गेले असते."

"हो, शालू. पण तिसऱ्या वेळी..."

"कळतंय गं मला. मी काय राक्षस आहे?" तिचा आवाज फाटला. "मेलं असतं कुणी तर मी पुन्हा तोंड उघडून गायले असते का? तू मला येऊन सांगायचंस ना. मी म्हटलं असतं, नको कार्यक्रम. घसा बसलाय म्हणून सांगितलं असतं. आणि पुढच्या वर्षी, मोठ्या मैदानात, ती सगळी आली असती. आता कोण येणार? आता मी चारशेवाली झाले."

हेमलताने नजर फळीकडे वळवली. ते शाल्मलीने हेरलं.

"माय? मला का नाही विचारलंस?"

"विचारलं होतं," हेमलता म्हणाली. "यंत्राला. तुझ्या प्रतिरूपाला. ते नाही म्हणालं."

पहिल्यांदा शाल्मलीला ते कळलंच नाही. मग कळलं. हेमलताने तिचा रागावलेला चेहरा पाहिला होता, रडवेला पाहिला होता. हा चेहरा तिने पाहिला नव्हता. त्यात राग नव्हताच. ओळख काढून घेतलेली होती.

"चालत दहा मिनिटांवर राहते मी," शाल्मली म्हणाली. घुंगरू तिथेच ठेवून ती उठली आणि निघून गेली.

पुढे सगळं जसं व्हायचं तसं झालं. आकड्याचं प्रकरण बाहेर फुटलं, चौकशी बसली. हेमलताने मान्य केलं की आकडा तिने निवडला. समितीतले एक सदस्य म्हणाले, "तुम्ही सांगता ती दुर्घटना घडली असती याचा काही पुरावा?" ती म्हणाली, "घडली नाही, हाच." ते हसले. इम्तियाजने स्वतःहून येऊन सगळं मांडलं, तिने नको म्हटलं तरी. पण न झालेल्या मृत्यूंना साक्षीदार मिळत नाहीत. तिचं संचालकपद गेलं. खाणीची बांधकामाखाली गेलेली दुसरी वाट मात्र कुलगुरूंनी पुढे गुपचूप नव्याने काढून घेतली.

शाल्मली फोन उचलत नव्हती. संगीतिकेचा संच पांगला होता, ढोलकीवाला लग्नाच्या बॅन्डमध्ये गेला होता. ती गाते की नाही, एवढंसुद्धा हेमलताला कुणाकडून कळत नव्हतं.

एके दुपारी इम्तियाज घरी आला. चहा निवेपर्यंत घुटमळला.

"मॅडम, तुमचे हाल बघवत नाहीत. नियमात बसत नाही, पण... शाल्मलीचं प्रतिरूप अजून आहे. तुम्ही गेलात तर काय बोलावं, कधी जावं, ती केव्हा माफ करेल, हे बघता येईल. कुणाला कळणार नाही."

हेमलताला मोह झाला. खोटं कशाला बोला, फार झाला. कुठल्या शब्दाने ते दार उघडेल हे कळणार असेल तर कुठल्या आईला नको होईल? तिने कप खाली ठेवला.

"ते पुसता येतं का?"

"कायमचं? हो. पण पुन्हा बनत नाही."

"पूस."

"मॅडम, विचार करा."

"मी विचार केला की यंत्राकडेच धावते रे. तू आधी पूस."

त्याने तिच्यासमोरच, तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते काम केलं. तो गेल्यावर तिने तोंड धुतलं, साडी बदलली आणि वसतिगृहाकडे चालू लागली. काय बोलायचं हे तिला माहीत नव्हतं. अर्ध्या वाटेत ती गुलमोहराच्या पारावर बसली, पुन्हा उठली.

दुसऱ्या मजल्यावर तिने दार वाजवलं. आतून सरकलेल्या खुर्चीचा आवाज आला. दार हातभर उघडलं. शाल्मली वाळली होती. केस कसेही बांधले होते.

"शालू," हेमलता म्हणाली, "मी विचारायला आलेय. आत येऊ?"

शाल्मली बघत राहिली. आईच्या हातात फोन नाही हेही तिने बघितलं असावं. खालच्या अंगणात कुणीतरी कपडे आपटत होतं, तेवढाच आवाज होता.

"नको," ती म्हणाली. "आज नको, माय."

दार बंद झालं. हेमलता जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. तरी ती तिथून हलेना. कारण तो आवाज शालूचा होता, आणि तिच्या तोंडून काय निघेल हे दार उघडेपर्यंत जगात कुणालाही माहीत नव्हतं.